नायगार्ड पती-पत्नी, दुपारी दोन

मी लगेच ‘हो’ म्हटलं. तिथूनच सगळं बिघडलं, म्हणून तिथूनच सांगते.

आम्ही मिनेसोटाची माणसं. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं. पुन्हा आग्रह झाला की ‘कशाला उगाच’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तरच घ्यायचं, तेही समोरच्याचं मन राखतोय असा चेहरा करून. देणाऱ्यालाही हे पाठ असतं. त्यामुळे मनातून स्वतःलाच हवी असलेली गोष्टसुद्धा माणूस बिनधास्त देऊ करतो, कारण पहिल्या फटक्यात ती कुणी उचलणार नाही याची त्याला खात्री असते. आमच्या चर्चच्या तळघरात केकच्या शेवटच्या तुकड्यावरून दोन बायकांचं ‘तू घे, तू घे’ इतका वेळ चालतं की शेवटी तो तुकडा तसाच वाळून जातो. या गावात मी एकोणसत्तर वर्षं काढली आहेत. मला हे कुणी शिकवायला नको होतं.

आम्ही चौघं बोटीवर होतो. मी, माझा नवरा ड्वेन, माझी थोरली बहीण बेव्ह आणि तिचा नवरा लायल. लायलला सहा वर्षांपासून कंपवात आहे. हात थरथरतात, आवाज अगदी बारीक झालाय, आणि वाक्य सुरू करायलाच त्याला इतका वेळ लागतो की तोवर कुणीतरी त्याच्या वतीने उत्तर देऊन मोकळं होतं. बहुतेक वेळा बेव्ह, उरलेल्या वेळा मी. तो चालता-फिरता आहे तोवर एकदा उन्हात जाऊन येऊ, असं बेव्हनेच ठरवलं होतं. फेब्रुवारी होता, गावाकडे कंबरेएवढा बर्फ साचला होता, आणि आम्ही दक्षिणेत फोर्ट लॉडरडेल बंदरातून सात दिवसांच्या सहलीच्या बोटीवर चढलो.

पहिल्याच दिवशी बोटीवरच्या स्पामध्ये सोडत होती. सगळा स्पा फिरून बघायचा, चिठ्ठी टाकायची, आणि नाव निघेल तेव्हा तिथे जातीने हजर असायचं. नाव निघालं बेव्हचं. बेव्हचंच निघायचं! तिने आजवर सोडतीत गोधडी जिंकली आहे, टर्की जिंकली आहे, एकदा तर लाकूड कापायची करवत जिंकली आहे. मला आयुष्यात साधं बॉलपेनसुद्धा लागलेलं नाही. यावेळी बक्षीस होतं जोडप्याने घ्यायचा तासाभराचा मसाज, सहाव्या दिवशी दुपारी दोन वाजता. बेव्हने तिथल्या तिथे फॉर्म भरून दिला आणि पुढे चार दिवस त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एखादी गोष्ट मनापासून हवी असली की ती अशीच मूग गिळून बसते. हे मला तिसरीत असल्यापासून माहीत आहे.

पाचव्या दिवशी कोझुमेल बेटावर बोटीतून उतरताना लायलचे पाय जागच्या जागी थिजले. त्या आजारात तसं होतं. मागे शंभर माणसांची रांग, आणि बेव्ह त्याच्या कानाशी ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत उभी. मागून कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. लायलचे कान लाल झालेले मला दिसले.

संध्याकाळी जेवताना बेव्ह त्याच्या बशीतलं मांस बारीक कापत होती. मान वर न करताच म्हणाली, "उद्याचं ते मसाजचं तुम्हीच घ्या. त्या उंच टेबलावर लायलला चढता-उतरता यायचं नाही. उगाच वाया जाईल."

आता यावर काय बोलायचं असतं, ते आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ‘वेडी आहेस का? ड्वेन येईल ना बरोबर, तो चढवेल त्याला. तुम्हीच जायचं, मी ऐकणार नाही!’ मग ती नको म्हणणार, मी रेटणार, ती पुन्हा नको म्हणणार, आणि शेवटी ‘बरं बाई, तू एवढं म्हणतेस म्हणून’ असं म्हणत जाणार. त्या वाक्यात ती मदत मागत होती. तोंड उघडून मागणं तिला जमत नाही, म्हणून ती बक्षीस देऊ करत होती.

पण माझा उजवा खांदा एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात ट्रे उचलून कामातून गेला आहे. शिवाय ती करवत, ती गोधडी, ती टर्की, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"खरंच?" मी म्हणाले. "घेतो की मग!"

बेव्हची सुरी थांबली. "हो, घ्या ना," ती म्हणाली. "छानच झालं." आणि पुन्हा मांस कापायला लागली, आधीच कापून झालेलं.

केबिनमध्ये पोचताच ड्वेनने माझ्यावर तोंड सोडलं. ड्वेनने चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला आहे, तो सहसा कुणावर तोंड सोडत नाही.

"अगं, एकदा तरी नको म्हणायचंस!"

"तिनेच दिलं ना?"

"दिलं म्हणजे काय दिलं? बेव्हने दिलं! बेव्ह देते म्हणजे काय, ते तुला मी सांगू?"

"मग तू का नाही बोललास? टेबलाखालून पाय काय तुडवत होतास?"

"ती तुझी बहीण आहे."

"तिला खरंच हवं असतं तर ती म्हणाली असती."

यावर ड्वेनने कानातली यंत्रं काढून डबीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. कानात यंत्रं नसली की त्याच्याशी भांडता येत नाही. तेवढ्यासाठीच तो ती काढतो.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला आम्ही वरच्या मजल्यावर स्पामध्ये पोचलो. काउंटरवरच्या मुलीने यादीतून वर बघत विचारलं, "नायगार्ड?"

नायगार्ड म्हणजे बेव्ह आणि लायल. आम्ही टोलेफसन. पण नोंद त्याच नावाची होती, त्यात एवढं काय सांगत बसायचं?

"हो," मी म्हणाले.

गाऊन घालून आम्ही बाहेर आलो तर दोघीजणी हसतमुखाने उभ्या. एक उंच मुलगी, दक्षिण आफ्रिकेची, थांडेका. दुसरी चाळिशीची, बुटकी, फिलिपिन्सची, मॅरिसेल. मॅरिसेलच्या हातात एक फॉर्म होता. ती मला हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहिलंत ना, अगदी तसं सगळं केलंय."

मी मान डोलावली. काय लिहिलं होतं, ते मला कुठे ठाऊक?

खोलीत भिंतभर खिडकी होती आणि बाहेर नुसता समुद्र. दोन्ही टेबलं एकमेकांना चिकटवून ठेवलेली होती. "सरांना चढताना आम्ही दोघी धरू," मॅरिसेल म्हणाली. "अजिबात घाई करायची नाही. त्यांना लागेल तेवढा वेळ घेऊ दे."

तोवर ड्वेनने तेल लागू नये म्हणून कानातली यंत्रं काढून गाऊनच्या खिशात टाकली होती. त्याला यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. टँकरच्या शिडीवर चढावं तसा तो एका झेपेत टेबलावर चढून बसला आणि पाय हलवायला लागला.

दोघींची तोंडं उघडीच राहिली. "अरे वा!" मॅरिसेलचा चेहरा उजळला. "आज सरांची तब्येत फारच चांगली दिसतेय!"

"हो," मी म्हणाले. "आज बरंय जरा."

हे माझं तिसरं ‘हो’. पहिलं हावरटपणाचं, दुसरं आळसाचं, आणि हे तर चक्क खोटं.

आम्हाला आडवं व्हायला वेळ मिळावा म्हणून त्या बाहेर गेल्या. फॉर्म फळीवरच राहिला. मी तो उचलला. बेव्हचं डावीकडे कललेलं अक्षर मी शंभरात ओळखेन. आजाराच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नवऱ्याला कंपवात, सहा वर्षं. हात थरथरतात. त्याला त्याची लाज वाटते, कृपया त्याच्यासमोर त्याबद्दल बोलू नका.’ कुठे जास्त लक्ष द्यावं, तर ‘त्याचे हात’. स्वतःच्या रकान्यात, ‘माझं काही नाही’. आणि शेवटी प्रश्न होता, या तासाकडून तुम्हाला काय हवं आहे? त्याखालची चौकट एवढीशी. बेव्हचं उत्तर चौकटीबाहेर जाऊन समासात उतरलं होतं. ‘एक तास मला त्याची नर्स व्हायचं नाही. टेबलं जवळ ठेवता आली तर त्याचा हात धरून नुसतं पडून राहायचंय. जमत नसेल तर राहू दे.’

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

मला वेळ होता, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. बेव्हची केबिन चार मजले खाली होती. लिफ्टने गेले असते, ‘ऊठ, चल, ड्वेन चढवेल त्याला’ म्हटलं असतं, तर अडीचच्या आत ती दोघं या टेबलांवर असती. मॅरिसेलने समजून घेतलं असतं. सगळं कसं करता येईल ते मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. फॉर्म मी होता तसा फळीवर ठेवला, गाऊनची गाठ सोडली आणि पालथी पडले.

आणि मग जे झालं ते इतकं सुखाचं होतं की सांगायची लाज वाटते. आधी पाय. गरम तेल, आणि टाचेपासून पोटरीपर्यंत मॅरिसेलचे अंगठे. माझ्या पायांना आजवर कुणी हात लावला असेल तर डॉक्टरने. मग पाठ. मग तिने उजव्या खांद्यातली ती गाठ शोधून काढली, एकतीस वर्षांची, आणि तिच्यावर कोपर टेकवून नुसती थांबली. आत काहीतरी सुटलं. माझ्या तोंडून असा आवाज आला की ड्वेनला ऐकू येत नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले. आता उठते, असं मी मनात म्हणत होते. ही पाठ झाली की उठते. हा खांदा झाला की सांगते. टेबलात तोंडासाठी ठेवलेल्या गोल भोकातून मला मॅरिसेलचे पांढरे बूट दिसत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत दर पाच मिनिटांनी स्वतःशी खोटं बोलत होते.

उताणं झाल्यावर तिने माझा डावा हात उचलला, ड्वेनचा उजवा हात उचलला, आणि एकात एक ठेवून वरून गरम टॉवेल टाकला.

ड्वेनने माझा हात घट्ट धरला. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. आम्ही हात धरतो ते बर्फावर, घसरू नये म्हणून. त्याला वाटलं मीच त्याचा हात मागितला, कारण त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसला, लग्नाआधी जत्रेत हसायचा तसा. मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्याच क्षणी तो फॉर्म आठवला. हा आनंद बेव्हने समासात लिहून मागितला होता. मी तो तिच्याच अक्षरात वाचला होता आणि तरी घेतला होता. पण हात मी सोडला नाही. त्या तासात मी एकाही गोष्टीला नको म्हटलं नाही.

तास संपल्यावर मॅरिसेल आल्याचा चहा घेऊन आली. ड्वेन बुटांच्या शोधात आत गेला होता. ती माझ्याजवळ वाकली, डोळे नुसते चमकत होते.

"मॅडम, मी मुद्दाम काही बोलले नाही. पण तुम्ही बघितलंत ना? सरांचा हात एकदाही थरथरला नाही! तासभर! माझ्या वडिलांना हाच आजार आहे. मी आज रात्री आईला फोन करते. ती रोज करेल त्यांना असंच, तेल गरम करून. मी तिला सगळं समजावून सांगेन."

तिची आई तिकडे रोज तेल गरम करणार, आणि म्हाताऱ्याचे हात थरथरतच राहणार. एवढं मात्र मला गिळता आलं नाही.

"तो लायल नाही," मी म्हणाले. "तो माझा नवरा आहे. त्याला काहीही झालेलं नाही. फॉर्म माझ्या बहिणीचा होता."

मॅरिसेल मागे सरली. मग ते शिकवलेलं हसू तिच्या चेहऱ्यावर आलं. "काही हरकत नाही, मॅडम," ती म्हणाली आणि चहाचा ट्रे सरळ केला. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी काउंटरवर गेले. आज काही मिळेल का? कितीही पैसे पडू देत. मुलीने संगणकावरची यादी वर-खाली करून बघितली. शेवटचा दिवस, सगळं भरलेलं, आणि उद्या सकाळी सातला सगळ्यांनी उतरायचं. मागे मॅरिसेल टॉवेलच्या घड्या घालत होती. मी तिच्याकडून तेलाची एक बाटली विकत घेतली. तिने ती कागदात गुंडाळून दिली आणि खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "गरम करून. अंगठ्याने. तळव्याच्या मधून बोटांकडे."

बेव्ह केबिनमध्ये सामान भरत होती. लायल खिडकीपाशी खुर्चीत बसला होता.

"झालं?" बेव्हने विचारलं. "कसं होतं?"

अशा वेळी आमच्याकडे ‘वाईट नव्हतं’ म्हणतात आणि विषय संपतो. तसं म्हणून निघून जायचा मोह मला झाला, तेही सांगून टाकते.

"फार सुंदर होतं," मी म्हणाले. "बेव्ह, मी तुझा फॉर्म वाचला."

तिने हातातला शर्ट घडी करून बॅगेत ठेवला. "कधी?"

"आधी. आडवं व्हायच्या आधी."

"आणि तरी?"

"आणि तरी."

तिने दुसरा शर्ट घेतला. मी वाट बघत होते. मला वाटत होतं, आता ती मला घालवून देईल, माझ्या अंगावर काहीतरी फेकेल, लहानपणचं सगळं उकरून काढेल. मी बाटली पुढे केली, ती तिने न बघता टेबलावर ठेवली.

"असू दे गं," ती म्हणाली. "लायलला आवडलंच नसतं. परक्या बायकांचे हात, त्यांच्यासमोर उघडं व्हायचं, छे! त्याला असलं काही चालत नाही. नाही का रे, लायल?" आणि उत्तराची वाट न बघता तिने बॅगेची चेन ओढायला घेतली.

"मला," लायल म्हणाला.

चेन अर्ध्यावर होती. बेव्हचं लक्ष नव्हतं. मीही सवयीने तोंड उघडलं होतं, त्याच्या वतीने काहीतरी बोलायला. कसं कोण जाणे, ते मिटलं.

"मला जायचं होतं," तो म्हणाला.

बेव्हने वर बघितलं. "काय?"

"जायचं होतं. दाढी केली ना सकाळी. स्वतः."

तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट बघितलं. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं आणि रक्त टिपायला लावलेले कागदाचे बारीक तुकडे तिथेच वाळले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

"अरे, पण काल तुझ्यासमोरच तर मी त्यांना देऊन टाकलं," बेव्ह म्हणाली.

लायलचे ओठ हलले. आम्ही दोघी थांबलो. किती वेळ गेला कोण जाणे, पण आम्ही थांबलो.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुमचं अजून नको-नको चाललंय."

बेव्ह पलंगाच्या कडेवर बसली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मग हात लांब करून तिने ती बाटली घेतली, कागद फाडला आणि झाकण उघडून वास घेतला.

"आधी काय केलं त्यांनी?" तिने विचारलं. "पाय की हात?"

"पाय," मी म्हणाले. "टाचेपासून वर. तेल गरम करून घे. हात शेवटी. अंगठ्याने, तळव्याच्या मधून बोटांकडे. बेव्ह, मी..."

"कळलं," बेव्ह म्हणाली. ती लायलपुढे गुडघे टेकून बसली होती आणि त्याच्या बुटाची नाडी सोडत होती. "जाताना दार लावून घे."

बाहेर ड्वेन भिंतीला टेकून उभा होता. आता त्याच्या कानात यंत्रं होती.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"दार लाव म्हणाली," मी सांगितलं, आणि मला तिथेच रडू कोसळलं.